डावीकडे झुकणारं विमान

दिवाळी आटोपली की साकोलीच्या हवेत गर्दा भरतो. हायवेवरून धानाच्या ट्रॉल्या जातात, पोत्यांच्या फटींतून दाणे सांडत जातात, आणि रस्त्याच्या कडेला पाखरांची नुसती धांदल उडते. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिवळसर पातळ थर बसतो. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा तसंच. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण धुळीपुढे माझं विज्ञान चालत नाही. फडकं घेऊन घरभर फिरते आणि मनातल्या मनात अख्ख्या तालुक्याला चार शब्द सुनावते. काल अशीच फिरताना खिडकीजवळच्या टेबलापाशी थांबले. तिथे जुना कॉम्प्युटर आहे, मोठा स्क्रीन आहे, आणि विमान चालवायची एक काळी दांडी आहे. तिच्यावर टॉवेल टाकलेला असतो. मी टॉवेल काढून झटकला. शेजारच्या खाटेवरून सुधाकर बघत होते. हल्ली ते फक्त बघतात.

सुधाकर म्हणजे माझे यजमान. बसचे ड्रायव्हर. म्हणजे होते. ही धानाची कापणी आली की मला तोच एक हंगाम आठवतो, ज्या हंगामात आम्ही दोघं मिळून एका खोट्या विमानातला बिघाड शोधत होतो. बिघाड विमानात नव्हता. तो सुधाकरांच्या उजव्या हातात होता, आणि त्याच हातात रोज सकाळी माणसांनी खचाखच भरलेल्या बसचं स्टेअरिंग असायचं. आज हे दोन वाक्यांत लिहून होतं. तेव्हा कळायला सारा हंगाम गेला.

विमानाचं वेड त्यांना कोंढ्याचं. आमचं मूळ गाव ते. तिथं खळ्यावर धान चुरून झालं की तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर उताणं पडायचं आणि आभाळात पांढऱ्या रेषा ओढत जाणारी विमानं मोजायची, हा त्यांचा लहानपणचा उद्योग. आमच्या डोक्यावरून पुष्कळ विमानं जातात. उतरत एकही नाही. मोठेपणी बसचं स्टेअरिंग हाती आलं, मुलगी शिकायला नागपूरला गेली, घरात एक खोली मोकळी झाली, आणि सुधाकरांनी तिथे विमान आणून ठेवलं. कॉम्प्युटरवरचंच, पण खेळ म्हटलेलं त्यांना खपत नसे. "हे खेळ नाई वंदना, सिम्युलेटर हाये. खऱ्या विमानात जेवढे बटनं, तेवढे यात," असं ते मला ठासून सांगायचे. आणि खरंच, ते विमान नुसतं सुरू करायलाच त्यांना इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माझा स्वयंपाक व्हायचा. आधी बॅटरी, मग इंधनाचे पंप, मग एक इंजिन, मग दुसरं. एखादं बटण राहिलं की सगळं ठप्प. मग कुठलं राहिलं ते शोधत बसायचं. मला वाटतं, उडण्यापेक्षा त्यांना हे शोधणंच जास्त आवडायचं.

ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की बनियनवर तिथे बसायचे. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली बनियनवरचे वैमानिक, आणि त्यांच्या मागे शंभर-दीडशे माणसं दिल्लीला निघालेली. वळण घेताना ते उजवीकडे मान वळवून आरशात बघायचे. विमानाला आरसा नसतो हे मी किती वेळा सांगितलं. "सवय हाये," म्हणायचे. उतरताना मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहावं असं व्हायचं. गाडी फलाटाला लावताना ड्रायव्हरच्या तोंडावर येतो तो शांतपणा, तोच. चाकं टेकली की मागे वळून मला म्हणायचे, "उतरा बाई, आलं तुमचं गाव."

मी चिडायचेही. दळण पडलेलं असायचं, गॅस संपलेला असायचा आणि हे ढगात. पण आज सांगायचं तर त्या खोलीतून येणारा इंजिनांचा एकसुरी आवाज म्हणजे माझ्या संसाराची सुखाची वेळ होती. ती जायला लागली, तेव्हाही तो आवाज चालूच होता.

त्या वर्षी कापणी सुरू झाली त्याच सुमारास विमान डावीकडे झुकायला लागलं.

नागपूरहून उडालं, वर चढलं, की ते ऑटोपायलट लावायचे. म्हणजे आता विमान आपलं आपण सरळ जाणार, माणसानं नुसतं लक्ष ठेवायचं. पण थोड्या वेळानं कर्कश घंटा वाजायची, ऑटोपायलट आपोआप सुटायचा, आणि विमान हळूहळू डाव्या अंगावर कलायचं. ते सरळ करायचे, पुन्हा लावायचे. पुन्हा घंटा. स्वयंपाकघरात मला फक्त ती घंटा ऐकू यायची.

"काय झालं हो?" मी विचारायचे.

"काई नाई, डाव्या बाजूले ओढून राहिलं."

"मग बंद करा ना. माझं डोकं उठलं त्या घंटीनं."

"बंद करून कसं होईन? बिघाड पाह्यला पायजे नं काहून होऊन राहिलं तर."

या हंगामात आमच्याकडे कुठलीही वस्तू बिघडली की तिचं कारण ठरलेलं असतं. पंखा घरघरला, धानाचा गर्दा. मोबाईलचा आवाज बसला, गर्दा. खोकला, शिंका, डोळे लाल, अंगाला खाज, सगळ्याला एकच उत्तर. आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तेव्हा दांडीच्या आत गर्दा शिरला हे सुधाकरांनी म्हटलं आणि मी लगेच मानलं. त्यांनी दांडी खोलली. वर्तमानपत्रावर बारीक स्क्रू, स्प्रिंगा, वायरी मांडून बसले. आत खरंच थोडा भुसा निघाला. तो त्यांनी मला तळहातावर आणून दाखवला, चोर सापडल्यासारखा. रंगाच्या ब्रशनं सगळं साफ केलं आणि पुन्हा बसवलं. एक स्क्रू त्यांच्या बोटांतून दोनदा निसटला. मी तो उचलून बसवून दिला. "डोळे गेले आता तुमचे," असं काहीतरी बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा वाजली.

मग त्यांनी विमानाचा पिच्छाच पुरवला. डाव्या पंखात इंधन जास्त भरलं गेलंय का, ते तपासलं. दोन्हीकडे सारखं होतं. वारा बंद केला. आभाळ अगदी स्वच्छ, निवांत करून पाहिलं, तरी झुकतं. शेपटीचं सुकाणू वाकडं आहे का, एका इंजिनाचा जोर कमी आहे का. कॉम्प्युटरमधून सगळं काढून पुन्हा टाकलं. नेट इतकं मंद की विमान परत यायला चार-सहा संध्याकाळी गेल्या. मुलीला फोन करून करून भंडावलं. ती बिचारी तिकडे कुठे कुठे वाचून सांगायची, हे लिहून घ्यायचे, करून बघायचे. रोज एक नवं कारण आणि रोज संध्याकाळी तीच घंटा.

आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, इतका बारकाईनं शोध आम्ही आयुष्यात दुसऱ्या कशाचा घेतला नाही. एकेक तार, एकेक आकडा पाहिला. फक्त दांडीवर जो हात होता, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. हात तर घरचाच होता. सकाळी त्यानंच शर्टाची बटणं लावायची, त्यानंच घास खायचा. त्याला कोण तपासणार?

आणि तपासला असता तरी त्या दिवसांत काय दिसलं असतं? रविवारी आम्ही कोंढ्याला जायचो. मजूर मिळत नाहीत म्हणून घरचे सगळे बांधीत, धानाच्या शेतात, उतरायचे. सुधाकरही विळा घ्यायचे. दुपारपर्यंत धान कापायचं, मग भारे बांधायचे, खांद्यावरून खळ्यापर्यंत न्यायचे. संध्याकाळी सगळ्यांचेच हात सुजलेले, बोटं वळत नाहीत, कप धरताना थरथर. अशात एका माणसाचा हात थोडा जास्त थरथरला तर कोण मनावर घेतो? सुधाकरांच्या हातून विळा गळून पडला तेव्हा माझ्या सासूबाई हसल्या होत्या.

"ड्रायव्हराचा हात हाये गा तुहा, इळ्याची सवय कुठची आता! धान कापल्यावर कोणाचा हात नाई दुखत? माहा तं जनमभर दुखून राहिला."

रात्री त्यांनी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून मुलाचा हात चोळून दिला. ते बरं वाटलं म्हणाले. आई हात चोळत असताना कुणालाही बरंच वाटतं.

म्हणून मी म्हणते, चूक कुणा एकाची नव्हती, त्या हंगामाची होती. उन्हाळ्यात हात असा गळाला असता तर आम्ही आठ दिवसांत दवाखाना गाठला असता. कापणीच्या दिवसांत दुखरा हात ही आमच्याकडे तक्रारच नव्हे. उलट ज्याचा दुखत नाही त्याला लोक विचारतात, काय गा, बसून होता काय?

तेवढ्यात मंडईचे दिवस आले. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, दंडारीचे नाच होतात, नाटकं होतात, पाहुणे एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. बसला पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दिवशी मी त्यांच्याच बसनं लाखनीला गेले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते. त्यांनी उजवा हात पंजानं न धरता कोपरापर्यंत स्टेअरिंगवर टाकला होता आणि डाव्या हातानं गिअर बदलत होते. प्रत्येक वेळी गिअर बदलला की गाडी जराशी डावीकडे जायची, ते अंगाच्या जोरानं तिला पुन्हा रस्त्यावर आणायचे. मला वाटलं, किती ऐटीत चालवतात! माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलं होतं. मागे बायका मोठमोठ्यानं हसत होत्या. एका ट्रकवाल्यानं जोरात हॉर्न दिला आणि सुधाकरांनी त्याला शिवी हासडली. मलाही त्या ट्रकवाल्याचाच राग आला.

त्या पोराचं डोकं मला अजून मांडीवर जाणवतं. काही झालं नाही, सगळे सुखरूप उतरले, लाखनीची मंडई छान झाली. पण होऊ शकलं असतं ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून जातं, आणि हातातलं काम तसंच राहतं.

याच काळात त्यांना कॉम्प्युटरमध्ये एक सोय सापडली. दांडी थोडीशी हलली तरी विमानानं तिकडे लक्ष द्यायचं नाही, अशी सूट त्यात देता येते. जुन्या, ढिल्या झालेल्या दांड्यांसाठी असते ती. सुधाकरांनी थोडी सूट दिली आणि घंटा थांबली. काय आनंद झाला त्यांना! मला हाताला धरून नेलं. विमान सरळ, खाली ढग, उन्हात पंख चमकतोय. "पाह्य, सुताच्या दोरीत चाललं." त्या दिवशी त्यांनी मला उतरा बाई म्हटलं तेव्हा मीही खोटी पिशवी खांद्याला लावून उठले.

आठवड्यानं घंटा पुन्हा वाजली. त्यांनी सूट वाढवली. पुन्हा काही दिवस बरे गेले. पुन्हा वाढवली. शेवटी शेवटी इतकी सूट झाली की दांडी चांगलीच कलंडली तरी विमानाला पत्ता नसायचा, आणि तरीही घंटा वाजायचीच. ते चिडचिडे झाले. कधी नव्हे ते जेवणाच्या ताटावरून उठले. "दांडीच खराब हाये. नवी आनतो," म्हणाले.

तेव्हा माझं डोकं फिरलं. एका रविवारी कोंढ्याला जाणं नव्हतं, दुपारची वेळ होती, आणि मी फडकं खाली टाकून त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हटलं, "सरका. पोरांना शिकवते तसं करू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मग बिघाड कुठे जातो बघू."

दांडी किती हलते ते दाखवणारी एक चौकट त्या कॉम्प्युटरमध्ये होती. मधोमध एक फुली. दांडी सरळ असली की फुली मधोमध. आधी दांडीला कुणीच हात लावला नाही. फुली मधोमध, खिळ्यानं ठोकल्यासारखी. मग मी धरली. फुली थोडी इकडे तिकडे झाली आणि थांबली. मग सुधाकरांना म्हटलं, डाव्या हातानं धरा. धरली. फुली तिथेच.

"आता उजव्या हातानं."

त्यांनी धरली. फुली थरथरली आणि हळूहळू डावीकडे उतरत गेली. चौकटीच्या कडेपर्यंत गेली.

"सोडा." सोडली. फुली मधोमध आली.

"पुन्हा एकदा," सुधाकर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. पुन्हा धरली. फुली पुन्हा डावीकडे. ते स्क्रीनकडे बघत होते. मी पहिल्यांदा त्यांच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो भरलेला भाग असतो, तो बसला होता. तिथे खळगा होता. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी आपोआप फडफडत होती, थांबत होती, पुन्हा फडफडत होती. रोज ताट वाढणाऱ्या बाईला हे दिसलं नव्हतं.

बाहेर धानाची ट्रॉली जात होती. ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. मग त्यांनी डाव्या हातानं माऊस धरला, ती सगळी सूट काढून टाकली, पार शून्यावर आणली, आणि म्हणाले,

"बसगाडीले अशी सूट नसते, वंदना."

पुढचं सगळं नागपूरला झालं. डॉक्टरांनी सुया टोचून, वीज सोडून हात तपासला. लाखोळीची डाळ खाता का, असंही विचारलं, कारण तिच्यानं आमच्याकडे पूर्वी माणसं लुळी व्हायची. पण ती पायांवर जाते, हे वेगळं आहे, असं तेच म्हणाले. हाताला हुकूम देणाऱ्या नसाच आतून वाळत चालल्या होत्या. आज उजवा हात, मग डावा, मग पाय, मग जीभ, मग श्वास. औषध आहे का, मी विचारलं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. दोन महिने आधी आलो असतो तर काही फरक पडला असता का, हेही विचारलं. नाही म्हणाले. त्या उत्तरानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तसं काही वाटलं नाही.

आता ते खाटेवर असतात. ह्या वर्षीच्या नव्या तांदळाची पेज मी त्यांना चमच्यानं भरवते. गिळायला वेळ लागतो. कधी कधी संध्याकाळी मी विमान सुरू करते. सगळी बटणं मला येतात. मधे चुकीच्या बटणाकडे हात गेला की ते डोळे मिटतात, मग मी दुसरं शोधते. वर गेलं की ऑटोपायलट लावते आणि दांडीवरचा हात काढून घेते. विमान अगदी सरळ जातं. मला त्या सरळ जाण्याचा कधी कधी फार राग येतो.

पण हंगाम आला की आठवतो तो नागपूरच्याही आधीचा, फुली पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सकाळचा डेपो. ड्युटी होती. सुधाकरांनी गणवेश घातला, बटणं मी लावून दिली. मोटारसायकलची किल्ली खुंटीवरच ठेवली आणि माझ्या स्कूटीवर, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझ्या मागे बसले. डेपोत वर्कशॉपच्या दारात जगनभाऊ उभे होते. हेड मेकॅनिक. सुधाकरांचे नोकरी लागल्यापासूनचे दोस्त. ड्रायव्हरनं गाडीतला बिघाड त्यांना सांगायचा आणि त्यांनी गाडी आत घ्यायची, ही तिथली रोजची रीत. मी स्कूटी बंद न करता तिथेच थांबले होते.

"जयभीम. बोल, काय झालं गाडीले?" जगनभाऊंनी विचारलं.

"गाडी मस्त हाये. ड्रायव्हर बिघडला. त्याले घे आत."

जगनभाऊ मोठ्यानं हसले. आसपासचे दोघे-तिघेही हसले. "काऊन बे, लय झाली काय मंडई?"

सुधाकरांनी उजवा हात पुढे केला. जगनभाऊंनी ग्रीसनं माखलेला हात पँटला पुसला आणि तो हातात घेतला. हसू अजून त्यांच्या तोंडावर होतं.

"दाब ना बे," ते म्हणाले.

"दाबूनच राहिलो," सुधाकर म्हणाले.